पातळ झाले म्हणजे बद्धकोष्ठ नाही, असे नव्हे

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची घरी काळजी कशी घ्यावी, याविषयीचा एक संदेश व्हॉट्सॲपवर घरोघर फिरतो आहे. पोट रोज साफ झालेच पाहिजे, नाहीतर एनिमा द्यावा; शौचास पातळ होत असेल तर बद्धकोष्ठ नाही, जुलाब थांबवणारी गोळी द्यावी; लघवी वारंवार होऊ नये म्हणून पाणी कमी करावे; आणि लघवीची नळी बसवली की काळजी मिटली, असे त्यात ठामपणे सांगितले आहे. परिचारिका म्हणून मला यातले एकही विधान जसेच्या तसे मान्य करता येत नाही.

सर्वांत घातक आहे ते दुसरे. एका घरी आजोबांना पाच दिवस ‘जुलाब’ होत होते, सूनबाई दिवसातून सहा वेळा चादर बदलत होत्या आणि गोळ्या चालू होत्या. चादरीवर नुसते तपकिरी पाणी होते, मळाचा तुकडा एकही नव्हता. पोट मात्र ताठ फुगलेले होते. हातमोजा घालून तपासले तेव्हा बोटाला दगडासारखा खडा लागला. आत अडकलेल्या त्या मळाच्या कडेने वरचा पातळ मळ झिरपत होता आणि गोळीने आतड्याची हालचाल आणखी मंदावत होती. म्हणून ‘किती वेळा झाले’ याआधी ‘शेवटचे बांधलेले शौच कधी झाले’ हे विचारावे लागते. (खडा घरच्यांनी बोटाने काढू नये, जखम होऊन रक्तस्राव होतो.)

रोजच्या शौचाचा आग्रहही निराधार आहे. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, इतका पल्ला निरोगी माणसांतही आढळतो; त्या माणसाची नेहमीची सवय मोडली का, कुंथावे लागते का, हे पाहायचे असते. मळाचे 7 प्रकार चित्रांनी दाखवणारा ब्रिस्टल तक्ता 1997 पासून प्रसिद्ध आहे. त्यातला पहिला (सुटे कडक खडे) किंवा दुसरा (गाठीगाठींचा लांबट मळ) प्रकार दिसला तर मळ कठीण झाला आहे, असे समजावे. फॉस्फेटचा एनिमा वृद्धांत, विशेषतः मूत्रपिंड अधू असताना, रक्तातील क्षारांचा तोल बिघडवू शकतो. तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. त्यापेक्षा न्याहारीनंतर आतड्याला आपसूक चालना मिळते, त्या वेळी कमोड खुर्चीवर, पायांखाली पाट देऊन, दार लोटून बसवावे. चारचौघांसमोर बेडपॅनवर कोणाला होते?

पाणी तोडल्याने लघवी गडद होते, मूत्राशयाला झोंबते आणि मळही सुकतो. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी डॉक्टरांनी मर्यादा घातली असेल तर ती पाळावी, एरवी नाही.

नळी आत असलेल्या प्रत्येक दिवशी लघवीत जंतू शिरण्याचा धोका सुमारे 3 ते 7 टक्के असतो, त्यामुळे ती गरजेपलीकडे एक दिवसही ठेवू नये. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी, जमिनीला टेकू नये. 60 किलोच्या माणसाला तासाला किमान 30 मिली लघवी व्हावी. पिशवी रिकामी दिसली तर नळी अंगाखाली दबली आहे का आणि ओटीपोट फुगले आहे का, हे आधी पाहावे. नळी मोकळी असूनही लघवी उतरत नसेल, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.