‘एचएसआरपी बसवू नका’ मेसेजला मुद्द्याला मुद्दा उत्तर

नाशिकच्या सगळ्या ग्रुपवर, सोसायटीचा असो की शाळेच्या पालकांचा, तो मेसेज फिरतोय. म्हणणं असं की जुन्या गाड्यांना सक्तीची केलेली एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, ही नुसती लूट आहे, तीच प्लेट चौकातला रेडियमवाला दोनशे रुपयांत करून देतो, ठराविक कंपन्यांनाच काम देणं बेकायदा आहे, प्लेटमध्ये चिप आहे, नव्या गाडीवाल्यांनाही परत पैसे भरावे लागणार, म्हणून कोणीच बसवू नका. पैशाचा राग मला कळतो आणि त्यावर खाली बोलतोच, पण बाकी मेसेज साफ चुकीचा आहे.

‘रेडियमवाला तीच प्लेट देतो.’ तीच नाही देत. पार्किंगमध्ये जाऊन १ एप्रिल २०१९ नंतरची कुठलीही गाडी जवळून बघा. डाव्या बाजूला वर अशोकचक्राचा क्रोमियमचा हॉलोग्राम असतो, तो चिकटवलेला नसतो तर उष्णतेने ठसवलेला असतो, आणि डाव्या कोपऱ्यात खाली बारीक लेझरने कोरलेला नंबर असतो, जो सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर तुमच्या गाडीच्या रेकॉर्डला जोडलेला असतो. प्लेट बसते स्नॅप लॉकवर, ते एकदा काढलं की तुटतं, परत लावता येत नाही. रेडियमवाला दिसायला सेम करून देईल, ऑनलाइन पण तसल्या मिळतात, हॉलोग्रामच्या जागी चकचकीत स्टिकर, पण तो कोपऱ्यातला नंबर रेकॉर्डला कुठून आणणार?

आणि मुख्य म्हणजे रेडियमवाला आरसी मागत नाही. कोणीही जाऊन सांगा, अमुक नंबर टाक, तो टाकतो. आजवर ४१४१ चं ‘दादा’ आणि २१४ चं ‘राम’ करून देणारे हेच, त्यात त्यांचा काय दोष, गिऱ्हाईक मागतं ते देतात. पण सोनसाखळी ओढणाऱ्यालाही प्लेट तिथूनच मिळते, कोणाचा तरी खरा नंबर उचलून. मग सातपूरला कारखान्यात शिफ्ट करणाऱ्या माणसाला भलत्याच गावचं ई-चलान येतं, फोटोत गाडी दुसऱ्याच रंगाची, आणि ती आपली नाही हे सिद्ध करत त्यानेच फिरायचं. म्हणजे प्लेट कशी दिसते यापेक्षा ती कोण बनवतो आणि कोणाच्या हातात देतो हाच खरा प्रश्न आहे. ब्रिटनने २००१ च्या कायद्याने प्लेट विकणाऱ्या दुकानदारांची नोंदणी आणि गिऱ्हाइकाची कागदपत्रं बघणं सक्तीचं केलं, पण दुकानं हजारो राहिली आणि नंबर चोरून वापरण्याची डोकेदुखी तिथे अजून आहेच. आपण तर नोंदणी पण नको म्हणतोय!

‘ठराविक कंपन्यांना काम देणं बेकायदा.’ हा वाद सुप्रीम कोर्टात होऊन गेलाय. २००१ मध्ये मोटार वाहन नियमातल्या नियम ५० मध्ये ही प्लेट आली, पुढे राज्यांच्या टेंडरच्या अटींवर आणि एकाच उत्पादकाला अख्ख्या राज्याचं काम देण्यावर आक्षेप घेतले गेले, आणि २००४ मध्ये कोर्टाने त्या अटी मान्य केल्या. महाराष्ट्रात तर झोन पाडून तीन कंपन्यांना काम दिलंय.

चिपचं म्हणाल तर नाही. ना चिप, ना जीपीएस, ना बॅटरी. अॅल्युमिनियमचा पत्रा आहे तो. ज्याच्यात खरंच चिप असते तो फास्टॅग आपण काचेवर आनंदाने लावून फिरतो.

नव्या गाडीवाल्यांचा मुद्दाही खोटा, १ एप्रिल २०१९ पासून प्लेट गाडीच्या कंपनीकडूनच डीलरमार्फत येते.

आता पैसे. टू-व्हीलर आणि ट्रॅक्टरला ४५०, थ्री-व्हीलरला ५००, बाकी गाड्यांना ७४५, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे अॅक्टिव्हावाल्याला ५३१ आणि कारवाल्याला ८७९ पडतात. हे दर दुसऱ्या राज्यांपेक्षा जास्त का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. परिवहन विभाग म्हणतो की आपल्या दरात स्नॅप लॉक आणि फिटिंग धरलंय, तर मग प्रत्येक राज्याचा फिटिंगसकट दर शेजारी शेजारी मांडून दाखवा ना, लोक गप्प बसतील. अंबडमध्ये रोजंदारी करणाऱ्याला ५३१ रुपये म्हणजे दिवसाचा पगार आहे हो. ही लढाई लढायची तर मी सोबत आहे. पण दर कमी करा म्हणणं वेगळं आणि कोणालाही प्लेट बनवू द्या म्हणणं वेगळं, मेसेजमध्ये दोन्हीची खिचडी केलीय आणि त्यात दराचा खरा मुद्दाच मागे पडतो.

त्याच मेसेजखाली कोणीतरी ‘स्वस्तात बुकिंग’ची लिंक पण चिकटवलीय, ती अजिबात उघडू नका, फसव्या साइटवर पैसे गेलेले लोक आहेत. परिवहन विभागाच्या सरकारी साइटवरूनच आत जायचं, तिथे एमएच १५ निवडलं की आपल्या झोनच्या कंपनीचं पान उघडतं. पावती जपून ठेवा, आणि सेंटरवर कोणी फिटिंगचे वेगळे पैसे मागितले तर द्यायचे नाहीत, ते दरातच आहेत, घरी बोलावून बसवलं तरच जास्तीचे लागतात.