रिकामा रकाना

मे महिन्यात आमच्याकडे माठातलं पाणीसुद्धा कोमट लागतं. अशा दिवसांत बंड्या पुण्याहून गाडीत पाच तऱ्हेच्या बिअर घेऊन आला आणि म्हणाला, "प्यायची नाही, चाखायची." त्याच क्षणी आम्ही उठून जायला हवं होतं. पण नाना आधीच चप्पल काढून बसले होते.

बैठक नानांच्या वावरात, गोठ्यामागे. अलीकडचा काठ आमचा, यवतमाळ जिल्ह्यातला, आणि वर्धा नदीपलीकडे वर्धा जिल्हा. तिकडे सेवाग्राम, म्हणून तिकडे १९७४ पासून दारूबंदी. आम्ही कायद्याने अगदी योग्य काठावर होतो. तरी मी शाळामास्तर असल्यामुळे पूर्ण वेळ नदीकडे पाठ करून बसलो.

मला काम दिलं होतं तक्ता आखायचं. रंग, फेस, वास, चव आणि दहापैकी गुण. वीस वर्षं प्रगतिपुस्तकं भरणाऱ्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही.

बाटल्या थंड करणं हा पहिला घोळ. फ्रिज माझ्या घरी आहे, पण घरात बायकोही आहे. मग गजूने रसवंतीवरून बर्फाची लादी आणली, ती फोडून घमेल्यात टाकली आणि बाटल्या त्यात खुपसल्या. दोन तासांनी बघतो तर लेबलं पाण्यावर तरंगत होती आणि बाटल्या नागड्या. एक हिरवी, चार तपकिरी. बंड्या म्हणाला, "उत्तम, आता डोळे बांधून परीक्षा." त्याला वाटत होतं की तो स्वतः परीक्षक आहे.

दुसरा घोळ पेल्यांचा. त्याला ट्यूलिपच्या फुलासारखे काचेचे ग्लास हवे होते, वास आत कोंडून राहतो म्हणे. नानांकडे होते स्टीलचे पेले, त्यांच्या आजोबांचं नाव कोरलेले. रंगाचा रकाना तिथेच बाद झाला, कारण स्टीलच्या पेल्यात अंधार पडल्यावर सगळंच पाणी दिसतं. तिसरा घोळ गजूचा. दोन बिअरच्या मध्ये तोंड साफ करायला काहीतरी आण असं सांगितलं होतं. तो फल्लीदाणे आणि हिरव्या मिरचीचा ठेचा घेऊन आला.

पहिली हिरवी बाटली, म्हणजे लागर, ती नेहमीची हलकी बिअर. ती पुण्यापासून डॅशबोर्डवर उन्हात शेकत आलेली. गजूचं कृषी केंद्र आहे. त्याने नाक लावलं आणि म्हणाला, "फवारणीचं औषध हाय." बंड्याने समजावलं की बिअरमधल्या हॉप्स नावाच्या फुलांच्या अर्कावर ऊन पडलं की असा वास सुटतो. म्हणूनच बिअरच्या बाटल्या तपकिरी असतात, हिरव्या काचेतून ऊन शिरतं. अमेरिकेत याला स्कंकचा वास म्हणतात. स्कंक कोण, यावर दहा मिनिटं गेली. शेवटी नानांनी "चिचुंदरी म्हण ना लेका" असा निकाल दिला आणि मी तक्त्यात चिचुंदरी लिहिलं.

दुसरीला नानांनी नुसतं हुंगलं. "यात केळं कोनं कुस्करलं?" बंड्या उभाच राहिला. जर्मन गव्हाची बिअर! केळ्याचा आणि लवंगेचा वास तिच्यात असतोच, पण केळं कोणी घालत नाही, यीस्ट आंबवताना तो वास आपोआप तयार करतं.

"म्हंजे केळं न टाकता केळं?"

"हो नाना."

"आमचा दूधवाला बी तसंच करते, दूध न टाकता दूध."

तिसरी स्टाउट. तिला तर नानांनी बंड्याला तोंडच उघडू दिलं नाही. "गोवरीत करपलेला रोडगा." आता जव करपेपर्यंत भाजूनच ती काळी करतात, त्यामुळे दहापैकी दहा. गजूने मध्येच ठेचा खाल्ला होता. त्याचा अभिप्राय "थंडी हाय" एवढाच, आणि तो पुढे शेवटपर्यंत टिकला.

चौथी कडू. निंबोळी चावल्यावर नाना जसा चेहरा करतात तसा सगळ्यांनी केला. बंड्या म्हणाला, "इंडिया पेल एल. इंग्रजांनी जहाजातून हिंदुस्थानात पाठवायची म्हणून, टिकावी म्हणून, हॉप्स जास्त घातले." (ही गोष्ट तो सांगतो तितकी सरळ नाही. पोर्टर नावाची काळी बिअरही त्याच जहाजांतून इकडे बरी पोचत होती. पण मी तक्ता भरत होतो.)

"म्हंजे हे आपल्यासाठी बनवलं होतं?" नानांनी विचारलं. "बरं झालं गेले ते."

पाचवी उघडली. बंड्याने घोट घेतला, तोंडात फिरवला, डोळे मिटले. उघडले. पुन्हा मिटले. "ही चुकून दुसरी लागर आली वाटतं." मी तरंगणारी लेबलं मोजली. लागर एकच. मग उरलेलं लेबल वाचलं : बेल्जियमची गव्हाची बिअर, धने आणि संत्र्याची साल घातलेली. कोणालाच काही लागलं नव्हतं. जिथे केळं नव्हतं तिथे नानांना केळं सापडलं होतं, आणि जिथे संत्र्याची साल होती तिथे, ज्यांच्या सासऱ्यांची वरूडला संत्र्याची बाग आहे त्या नानांना, काही नाही. ते मात्र वेगळ्याच दुःखात. "साल? आमी साल उकिरड्यावर फेकतो बाप्पा, अन् हे बाटलीत भरून इकून राह्यले!"

एवढ्यात धुऱ्यावरून बॅटरीचा उजेड आला. मी दचकून उठलो आणि पाचव्या बाटलीचा माझा अख्खा पेला सदऱ्यावर. माणूस शेजारच्या वावरातला, रात्री लाइन येते म्हणून मोटर सुरू करायला निघालेला. त्याने बॅटरी आमच्यावरून फिरवली, "मास्तर, पेपर तपासता काय?" म्हणाला आणि गेला.

घरी पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. फल्लीदाणे चघळत दारातून आडवा सटकायचा बेत होता. बायकोने दिवा लावला, दोन पावलं मागे उभी राहिली आणि नाक वर केलं.

"धन्याचा वास येऊन राह्यला. कोनाकडं जेवले?"

मी नानांचं नाव सांगितलं. मोरीत जाऊन खिशातला ओला तक्ता काढला आणि पाचव्या ओळीत, वासाच्या रिकाम्या रकान्यात, लिहिलं : धने.