कॅरॅव्हॅनमधील (चाकांवरच्या घरातील) एक्झॉस्ट पंख्याविषयीच्या आपल्या अभिप्रायाला उत्तर

सन्माननीय ग्राहक महोदय,

आपण एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय वाचला. पंखा धूर ओढत नाही, तो लावल्यापासून सिंकमधून कुबट वास येतो, रात्रभर चालवला की सकाळी बॅटरी उतरलेली असते, गाडी ठरल्यापेक्षा उशिरा मिळाली आणि ‘हे लोक गॅसची भीती दाखवून बिल वाढवतात’, असे आपण त्यात म्हटले आहे. सहलीत आपल्या कुटुंबाची गैरसोय झाली, त्याबद्दल मी मनापासून दिलगिरी व्यक्त करतो. पहिल्या चार तक्रारींना उत्तर देणे हे माझे कामच आहे. शेवटचे वाक्य मात्र जिव्हारी लागले, कारण आमच्यासारख्या लहान कार्यशाळेकडे येऊ पाहणारे नवे गिऱ्हाईक आधी असली वाक्येच वाचते आणि मग फोन करायच्याही भानगडीत पडत नाही.

उशिराचे आधी सांगून टाकतो. आपल्याला पंखा नेमका शेगडीच्या वर हवा होता आणि तिथे छताच्या आत आडवी लाकडी पट्टी निघाली. ती कापली असती तर गाडी वेळेवर मिळाली असती, पण छत कमकुवत झाले असते. म्हणून जागा थोडी बाजूला घेऊन नवी चौकट बसवावी लागली. शिवाय छताला भोक पाडल्यावर त्यावर पाणी सोडून गळती तपासल्याशिवाय मी गाडी देत नाही. कॅरॅव्हॅनच्या भिंतीत शिरलेली ओल बाहेरून दिसू लागेपर्यंत आतले लाकूड कुजून गेलेले असते, हे मी इतक्या गाड्यांत पाहिले आहे की या बाबतीत घाई करण्याची माझी तयारी नाही. उशीर होणार हे आपल्याला फोनवर कळवले होते.

आता भीती दाखवण्याविषयी. आपली गाडी आली तेव्हा दाराजवळच्या जमिनीतील जाळीवर चंदेरी चिकटपट्टी मारलेली होती, बैठकीखालच्या जाळीत फोम कोंबलेला होता आणि छतावरच्या झरोक्याला आतून प्लॅस्टिकचे झाकण चिकटवलेले होते. थंड हवा आणि रस्त्यावरची धूळ येते म्हणून आपण हे सर्व बंद केल्याचे आपणच सांगितलेत, आणि तो त्रास खरा असतो हे मी नाकारत नाही. आम्ही ती तिन्ही छिद्रे मोकळी केली. कामाच्या ज्या कागदावर आपली सही आहे, त्यावर ‘वायुवीजन तपासून आवश्यक ते करणे’ ही ओळ सहीच्या वरच आहे. या कामाचे बिलात काहीही लावलेले नाही. चिकटपट्टी ओढून काढण्याचे पैसे कसले घ्यायचे?

ही छिद्रे उघडणे पंख्यासाठीही गरजेचे होते. पंखा जितकी हवा बाहेर फेकतो, तितकीच कुठून तरी आत यावी लागते. बाटलीच्या तोंडाला ओठ घट्ट लावून पाणी ओढायला गेल्यावर जे होते, तेच बंद कॅरॅव्हॅनमध्ये पंख्याचे होते: तो फिरतो, आवाज करतो, पण हवा हलत नाही. आतील जागा २० घनमीटर धरली आणि पंख्याच्या खोक्यावर ताशी १२० घनमीटर लिहिलेले असले, तर कागदावर सगळी हवा दहा मिनिटांत बदलायला हवी. मात्र खोक्यावरचा आकडा डक्ट (हवा बाहेर नेणारी नळी), तेल अडवणारी जाळी आणि कीटकजाळी यांच्याविना, मोकळ्या हवेत मोजलेला असतो. डक्टचे प्रत्येक वळण आणि जाळीवर बसलेला तेलाचा प्रत्येक थर त्यातून काही ना काही कापून घेतो, आणि आत येणारी वाट बंद असेल तर उरलेलेही जाते.

वाट अगदीच मिळाली नाही, तर हवा नको त्या वाटेने येते. पुष्कळ कॅरॅव्हॅनमध्ये सिंकखाली घरासारखा पाणी अडवणारा वाकडा पाइप नसतो. नळी थेट सांडपाण्याच्या टाकीकडे जाते. दारे-खिडक्या बंद आणि जाळ्याही बंद असताना पंखा त्याच नळीतून हवा ओढतो आणि टाकीतला वास स्वयंपाकाच्या ओट्यावर येतो. हा वास पंख्याने निर्माण केलेला नाही, तो आधीपासून टाकीत होता. गाडी ताब्यात देताना मी सिंकच्या छिद्रावर पातळ कागदाची पट्टी धरून हे दाखवले होते. खिडकी बंद असताना पट्टी वर उचलली जात होती आणि समोरची खिडकी दोन बोटे उघडताच खाली पडत होती. त्या वेळी आपण फोनवर बोलत होता, त्यामुळे ते लक्षात राहिले नसेल, हे मी समजू शकतो.

पंखा निरुपयोगी आहे हे दाखवण्यासाठी आपण धुराने भरलेल्या गाडीचे छायाचित्र जोडले आहे. त्याच्या उजव्या कोपऱ्यात, दाराच्या खाली, जमिनीवरच्या जाळीवर चंदेरी चिकटपट्टी पुन्हा मारलेली स्पष्ट दिसते. मी ते छायाचित्र मोठे करून, आमच्या मिस्त्रींनाही दाखवून खात्री करून घेतली. याविषयी अधिक काही लिहीत नाही.

पण त्या पट्टीमुळे मला झोप लागली नाही, हेही खरे आहे. त्या जाळ्या बांधणाऱ्याने हौसेने ठेवलेल्या नसतात. कॅरॅव्हॅनसारख्या वाहनांच्या सुरक्षित वायुवीजनासाठी ईएन ७२१ हे युरोपीय मानक आहे. वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही पातळ्यांवर कायम उघडी राहणारी छिद्रे त्यात अपेक्षित आहेत. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट आणि ब्युटेन सुमारे दुप्पट जड असतो. जोड सैल झाला तर गॅस जमिनीलगत साचतो, तिथे छतावरच्या पंख्याचा फारसा उपयोग नाही; त्याला बाहेर पडायला खालचीच वाट लागते. दुसरीकडे, हवा अपुरी पडली की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. पंखा विजेवर चालतो आणि बॅटरी उतरली की थांबतो. जाळीला ना वीज लागते ना बटण, म्हणून पंखा लावला तरी जाळ्या उघड्याच ठेवाव्या लागतात. याला आपण भीती दाखवणे म्हणत असाल, तर ती मी पुढच्या गिऱ्हाइकालाही दाखवीन.

आपण मोठा पंखा मागितला होता आणि मी दिला नाही, याचाही आपल्याला राग आलेला दिसतो. आपला फ्रिज गॅसवरही चालतो आणि त्याची ज्योत मागच्या कप्प्यात जळते. तो कप्पा आतील जागेपासून पूर्णपणे बंदिस्त असावा लागतो, पण जुन्या गाड्यांत तिथली पट्टी सुकून फटी पडतात. जोराच्या ओढीने बाहेर जाणारा जळका वायू त्या फटींतून आत येऊ शकतो. मोठा पंखा विकण्यात माझा फायदाच होता, एवढे तरी आपण लक्षात घ्यावे.

बॅटरीचे थोडक्यात. आपला १२ व्होल्टचा पंखा पूर्ण वेगात सुमारे अडीच अँपिअर घेतो. दहा तासांत पंचवीस अँपिअर-तास गेले. १०० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीतून निम्म्यापेक्षा जास्त काढू नये असा संकेत आहे, आणि त्याच बॅटरीवर दिवे व पाण्याचा पंपही असतो. शेगडी पेटवण्याआधी पंखा सुरू करावा, स्वयंपाक झाल्यावर पंधरा-वीस मिनिटे कमी वेगात ठेवावा आणि मग बंद करावा. वाफ केवळ भांड्यातून येत नाही; एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, आणि रात्री तेच काचांवर आणि कपाटांच्या मागे गोळा होते. पंखा चालू असताना खिडकी समोरच्या बाजूची उघडावी. पंख्याशेजारची उघडली तर तिथूनच आलेली ताजी हवा तो बाहेर टाकत बसतो आणि धूर होता तिथेच राहतो.

भांडी काळी पडतात, असे आपण अभिप्रायाच्या शेवटी जाता जाता लिहिले आहे. माझ्या दृष्टीने संपूर्ण अभिप्रायात हीच एक गोष्ट तातडीची आहे. त्याचे कारण बर्नर, गॅसचा दाब किंवा हवा यांपैकी काहीही असू शकते, परंतु पिवळी ज्योत आणि काजळी दिसत असेल तर तपासणी होईपर्यंत ती शेगडी कृपया वापरू नये आणि ईएन ५०२९१-२ या मानकाचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म गाडीत बसवून घ्यावा. तो आमच्याकडूनच घ्यावा असे मुळीच नाही.

गाडी आणल्यास शेगडीची तपासणी आणि सिंकखाली वास अडवणारी झडप बसवणे, ही दोन्ही कामे मी विनामोबदला करून देईन. गाडी देताना लेखी सूचना देण्याबाबतही आम्ही काहीतरी व्यवस्था करत आहोत. थंड वाऱ्यासाठी जाळीच्या बाहेरून, छिद्र मोकळे ठेवून, वारा वळवणारे आवरण लावता येते, तेही पाहू. अभिप्राय काढून टाका असे मी म्हणणार नाही, तो आपला अधिकार आहे. फक्त बिल एकदा पुन्हा काढून पाहावे आणि ज्या कामाचे पैसे वाढवले असे आपल्याला वाटते, ती ओळ मला दाखवावी. चिकटपट्टी मात्र आजच काढावी, ही विनंती.

आपला नम्र,
कार्यशाळेचा मालक