बाम झोंबला म्हणजे वास येतो, असं नाही

‘डोळे मिटून बाम किंवा अमोनिया हुंगा, झोंबलं की वासाची नस शाबूत’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. झोंबणं, डोळ्यांत पाणी येणं ही खबर मेंदूकडे पाचवा मज्जातंतू नेतो (मेंदूला थेट जोडलेल्या बारा मज्जातंतू-जोड्यांपैकी पाचवा). वास नेतो पहिला. पहिल्याचे धागे नाकाच्या छतातल्या चाळणीसारख्या हाडाच्या छिद्रांतून वर जातात, आणि डोक्याला जबर मार बसला तर तिथेच तुटू शकतात. अशा माणसाला कसलाच वास येत नाही, तरी अमोनिया झोंबतोच! म्हणून डॉक्टर कॉफी पावडरीसारखा सौम्य वास देऊन एकेक नाकपुडी तपासतात. वास गेलेला असूनही या मेसेजवर विसंबलेल्याला घरातली गॅसगळतीही कळायची नाही. कृपया तो पुढे पाठवू नका. शंका असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.