सतरा नंबरची पक्कड

माझी दाढ एका गणंगानं घेतली. फुटाण्यात तो एक न फुटलेला, दगडासारखा दाणा असतो ना, तो. (आमच्या ऑफिसातही दोघे-तिघे आहेत, पण त्यांनी आजवर फक्त डोकं उठवलंय.) टीव्हीसमोर बसून मूठमूठ फुटाणे तोंडात टाकत होतो. मॅच ऐन रंगात आली आणि उजव्या बाजूला, वर, ‘कट्’ झालं. चला, फुटला एकदाचा, म्हणून मी समाधानानं तळहातावर थुंकून पाहिलं. गणंग अखंड होता. त्याच्या शेजारी माझा टवका पडला होता.

दातांच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाल्या, “वन सिक्स गेली, काका.” वीस वर्षांपूर्वी भरलेल्या चांदीखाली कीड शांतपणे संसार करत होती म्हणे. टवका हिरडीच्या खाली गेला होता आणि कीड मुळांच्या बेचक्यापर्यंत. मी रूट कॅनलची आशा लावून धरली. “रूट कॅनल करू हो, पण कॅप कशावर बसवू? हवेवर?” असं म्हटल्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वन सिक्स म्हणजे काय, ते मी विचारून घेतलं. तोंडाचे चार भाग करायचे. वरचा उजवा पहिला, वरचा डावा दुसरा, खालचा डावा तिसरा, खालचा उजवा चौथा. मग मधल्या रेषेपासून दात मोजत मागे जायचं. पहिल्या भागातला सहावा, म्हणून एक-सहा. तोंडात दात बत्तीस असताना माझ्याकडे अठ्ठेचाळीस नंबरची दाढ आहे, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं. एक-सहा म्हणायचं, सोळा नाही, असं त्यांनी बजावलं होतं. पण माझ्या डोक्यात सोळाच बसलं. या सोळाचा पुढं घोळ व्हायचा होता.

दाढ तशी सेवाज्येष्ठ होती. पक्क्या दातांत जी पहिल्यांदा येतात त्यातली ही. साधारण सहाव्या वर्षी एकही दुधाचा दात न पाडता मागच्या मागं गुपचूप उगवते, त्यामुळं आईबापांना ती दुधाचीच वाटते आणि ‘पडेल, मग नवी येईल’ म्हणून कुणी तिच्याकडं बघत नाही. माझ्याही आईबापांनी पाहिलं नाही. पुढं सेहेचाळीस वर्षं मीही पाहिलं नाही.

शुक्रवारची वेळ मिळाली. मधले तीन दिवस मी सुखात काढले असते, पण बुधवारी बहिणीची मुलगी हॉस्टेलवरून आली. ती बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझी दाढ काढायची असं कळल्यावर तिनं ‘अरेरे’ म्हटलं नाही. ती म्हणाली, “वरची पहिली? मामा, फेकू देऊ नकोस हं! मला हवीय.”

या पोरांना रूट कॅनलचा सराव करायला काढलेले खरे दात लागतात, आणि वरची पहिली दाढ म्हणजे त्यांच्या बाजारातला हापूस. तिला मुळं तीन, पण पुढच्या मुळात बऱ्याचदा एक चौथी बारीक नळी दडलेली असते. ती सापडली की पोरं एकमेकांना पार्टी मागतात. भाचीनं दात साठवायला एक बरणी आणली होती. मागे आमच्याच घरातून नेलेली, लिंबाच्या लोणच्याची. बायकोनं ती ओळखली आणि झाकण उघडायच्या आत ओरडली. ती बरणी आता आमच्या घरी परत येणार नाही.

“तुला कशानं काढणार ते बघायचंय?” भाचीनं विचारलं. नको म्हणायच्या आत तिनं जेवणाच्या टेबलावर रुमाल पसरून दोन स्टीलच्या पकडी मांडल्या. बायको लांबूनच म्हणाली, “सांडशीच तर आहे.”

“सांडशी नाही मामी, फोर्सेप.”

“मग आमच्या सांडशीला काय धाड भरलीय? उकळतं पातेलं सोडत नाही ती.”

पण मी बघत राहिलो. दोन्ही पकडी सारख्या दिसत होत्या आणि नव्हत्या. चपलांच्या जोडासारख्या. एक उजवी, एक डावी. प्रत्येकीची एक चोच गुळगुळीत, पन्हाळीसारखी. दुसरीच्या टोकाला मधोमध एक नखाएवढा अणकुचीदार सुळका. भाचीनं बरणीतून एक दाढ काढून उलटी धरली. चुलीच्या तीन दगडांसारखी तीन मुळं, दोन गालाकडं आणि एक टाळूकडं. तो सुळका गालाकडच्या दोन मुळांच्या बेचक्यात जाऊन बसतो आणि पन्हाळ टाळूकडच्या एकट्या मुळाला कवेत घेते. म्हणजे सुळका कायम गालाकडंच हवा. उजव्या बाजूची पक्कड डावीकडं लावली, तर सुळका टाळूकडं जाणार, आणि तिथं बेचकंच नाही. म्हणून उजव्या-डाव्याला वेगवेगळी. खालच्या दाढांची ही भानगड नाही. त्यांची दोन मुळं एक पुढं आणि एक मागं, बेचकं दोन्ही अंगांना, त्यामुळं दोन्ही चोचींना सुळका आणि एकच पक्कड दोन्हीकडं चालते. “आम्हाला पाठ असतं, बीक टू चीक. चोच गालाकडं,” भाची म्हणाली.

तेवढ्यात शेजारचे अण्णा पेपर मागायला आले. अण्णा निवृत्त संस्कृत शिक्षक. टेबलावरची हत्यारं पाहून ते पेपर विसरले.

“वरची का खालची?”

“वरची.”

“काढू नकोस.” अण्णा खुर्ची ओढून बसले. “सुश्रुतानं स्पष्ट सांगितलंय. वरचा दात हलत असला तरी वैद्यानं काढू नये. रक्त फार जातं, तोंड वाकडं होतं आणि माणूस काणा होतो.”

वरचा दात काढला की डोळा जातो, हे मी आजीकडून ऐकलं होतं आणि आजीचं म्हणून सोडून दिलं होतं. ते थेट सुश्रुतापर्यंत जाऊन पोचेल असं वाटलं नव्हतं. भाची म्हणाली, “अण्णा, दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. आणि रक्त थांबवायला आता औषधं आहेत.” अण्णांनी मान हलवली, पण ती तिच्यासाठी नव्हती. ते पक्कड हातात घेऊन निरखत होते. सुश्रुताच्या चोवीस स्वस्तिकयंत्रांची, म्हणजे त्याच्या पकडींची, तोंडं अशीच प्राण्यापक्ष्यांची, असं ते सांगू लागले. सिंहाचं, वाघाचं, कावळ्याचं. लांबी अठरा अंगुळं. सगळ्यात भारी कंकमुख, म्हणजे कंक पक्ष्याच्या तोंडाचं, कारण ते सहज आत जातं आणि सहज बाहेर येतं. अठरा अंगुळं म्हणजे किती, हे मी नजरेनं टेबलावर मोजलं आणि मोजायला नको होतं असं वाटलं.

“आमच्यातही आहे एक प्राण्याचं,” भाची म्हणाली. “काऊहॉर्न. गाईच्या शिंगासारख्या चोची असतात.”

“गाय!” अण्णांचा चेहरा उजळला. “मग हरकत नाही.” जाताना मात्र दारातून वळून म्हणाले, “डोळ्यावर लक्ष ठेव.”

त्या रात्री झोप आली नाही, म्हणून मोबाइलवर वाचत बसलो. हे करू नये. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी विलायतेत दात काढायला चक्क किल्ली वापरायचे. टोकाला आकडा असलेली, दाराच्या किल्लीसारखीच. आकडा दाताला अडकवायचा आणि कुलूप उघडतात तशी फिरवायची. दात निघायचा, आणि कधीकधी जबड्याचं हाडही सोबत यायचं. पुढं 1840 च्या सुमाराला लंडनमध्ये जॉन टोम्स नावाच्या तरुण डॉक्टरनं एव्हरार नावाच्या फ्रेंच हत्यार कारागिराला हाताशी धरून प्रत्येक दाताच्या मानेला बेतून पकडी करवून घेतल्या. शिंप्यानं माप घ्यावं तशा. पुढं हा टोम्स ‘सर’ झाला. मला विचाराल तर त्याला उशीरच केला. पहाटे तीनला मी त्या सद्गृहस्थाचा मनापासून ऋणी होतो आणि माझं पोट बिघडलं होतं.

शुक्रवारी खुर्ची मागं कलली. डोळ्यांवर दिवा आला. “मुंगी चावल्यासारखं वाटेल,” डॉक्टर म्हणाल्या. गालाकडची सुई खरंच मुंगीची होती. टाळूची मुंगी कुठल्या जंगलातली होती माहीत नाही. टाळूची कातडी हाडाला घट्ट चिकटलेली असते, तिथं औषधाला शिरायला जागा नसते, त्यामुळं ते जागा करून घेतं. माझ्या दोन्ही पायांचे अंगठे आपोआप उभे राहिले. पाच मिनिटांत वरचा अर्धा ओठ कुणीतरी दुसऱ्याचा आणून लावल्यासारखा झाला.

“आता दुखणार नाही. फक्त प्रेशर जाणवेल.”

त्यांनी आधी एका चपट्या हत्यारानं हिरडी सोडवली, दाढ थोडी कलवली. मग ट्रेवरचं हिरवं कापड सरकलं आणि त्यांचा हात माझ्या डोळ्यांवरून गेला. दिव्याच्या झोतात पक्कड लखलखली. मी पहिल्यांदा सुळका पाहिला. गालाकडं. बरोबर. मग माझी नजर तिच्या मुठीवर कोरलेल्या आकड्यावर गेली.

17.

माझी सोळा नंबरची. सतरा म्हणजे तिच्या मागची, धडधाकट, आयुष्यात कधी तक्रार न केलेली. मी ओरडलो, “सोळा!” पण डॉक्टरांचं एक बोट आणि अंगठा माझ्या हिरडीला दोन्हीकडून धरून होते आणि ओठ परका होता. बाहेर आलं ते “ओआ!”

“दुखतंय?”

“अंहं! ओआ! ओआ!”

“बरं, बरं. अजून थोडी भूल देऊ.” आणि त्यांनी टाळूत आणखी एक मुंगी सोडली.

मग मी बोटांवर आलो. आधी एक बोट दाखवलं. “वॉशरूमला जायचंय का?” मी जोरजोरात मान हलवली. मग एका हाताची पाच आणि दुसऱ्याचं एक, अशी सहा दाखवली. मदतनीस मुलगी म्हणाली, “मॅडम, आधी एक, मग सहा. सात म्हणतायत. फी सातशे करा म्हणत असतील.”

डॉक्टरांनी हात बाहेर काढला. “बोला काका. फीचं नंतर बघू.”

“पकडीवर सतरा लिहिलंय,” मी शक्य तेवढ्या स्पष्टपणे म्हणालो. “माझी सोळा.”

त्यांनी पक्कड उलटून आकडा पाहिला. नव्यानंच पाहत असाव्यात. मग मास्कच्या आत खांदे हलेपर्यंत हसल्या. तो पकडीचा नंबर होता. वरच्या उजव्या दाढांची पक्कड सतरा नंबरची, डाव्यांची अठरा. दाताच्या नंबराशी त्याचा काडीचा संबंध नाही. म्हणजे सतरा नंबरच्या पकडीनं सोळा नंबरची दाढ काढायची आणि अठरा नंबरच्या पकडीनं सव्वीस नंबरची. आणि अठरा नंबरची दाढ? ती उजवीकडची अक्कलदाढ. पकडींचे नंबर जुने आणि दातांचे हे दोन आकडी नंबर 1970 च्या आसपासचे. दोघांची एकमेकांशी ओळख करून द्यायची तसदी मधल्या काळात कुणी घेतली नाही. भाचीच्या पकडींवरही आकडे असणारच. मी चोची बघत बसलो होतो.

त्यानंतरचं मला वाटलं होतं तसं नव्हतं. दात ओढतात असा माझा आयुष्यभराचा समज. पण त्यांनी ओढलंच नाही. उलट पक्कड वर रेटली, दाढ आणखी आत ठोकायची असावी तशी. मग सावकाश गालाकडं. थांबल्या. मग थोडं टाळूकडं. पुन्हा गालाकडं, आणखी जरा जास्त, कारण त्या बाजूचं हाड पातळ असतं. आजोळी मामा गोठ्यातला जुना खुंटा उपटायचा तो असाच. आधी दाबून, मग चारी अंगांनी हलवून भोक सैल करायचं, उपटायचं सगळ्यात शेवटी. दुखत काही नव्हतं, पण कवटीच्या आत कुणीतरी जुन्या वाड्याचा जिना चढत असल्यासारखे आवाज येत होते. करकर, कट्, करकर. प्रेशर हा शब्द ज्यानं निवडला त्याला मी ओळखतो. तोच ‘किंचित विलंब होईल’ अशी घोषणाही लिहितो.

आणि मग काहीच नाही. पकडीच्या चोचीत दाढ होती. तीन मुळं, लालसर, आणि टाळूकडचं मूळ बाकीच्या दोघांपासून फटकून असलेल्या थोरल्या दिरासारखं बाहेर झुकलेलं.

“नाक धरून हळूच फुंका,” डॉक्टर म्हणाल्या. या दाढेच्या मुळांच्या अगदी वरच सायनसची पोकळी असते. मधला पापुद्रा फाटला असेल तर हवा खड्ड्यातून येते. आली नाही. मी गॉझ चावून बसलो आणि उजवा डोळा मिटून, डावा मिटून भिंतीवरचा तक्ता वाचून पाहिला. डॉक्टर बघत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. सतरा नंबरनंतर त्यांनी माझ्या बाबतीत विचारणं सोडलं असावं.

सूचना अशा होत्या: गॉझ पाऊण तास दाबून धरायचा, थुंकायचं नाही, स्ट्रॉ नाही, उद्यापर्यंत चूळ नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. आइस्क्रीम चालेल. मी घरी येऊन आधी आइस्क्रीमची सूचना पाळली. संध्याकाळी अण्णा आले, माझ्यासमोर दोन बोटं धरून “किती?” म्हणाले. मी “दोन” म्हटलं. ते जरा नाराज झाल्यासारखे वाटले.

दुसऱ्या दिवशी भाचीनं कागदाच्या पुडीतून दाढ काढली, खिडकीशी नेऊन तीन बाजूंनी फिरवून पाहिली. जुन्या बाजारात भांडी बघतात तशी.

“नाही चालणार, मामा.”

“का? तीन मुळं आहेत. मी मोजलीत.”

“मुळं बरी आहेत रे, पण वरचं अर्धं छप्परच उडालंय. आणि आत सगळी कीड.” तिनं दाढ परत पुडीत बांधून माझ्या हातात दिली. मग मोबाइलचा टॉर्च लावला. “जरा आ कर. खड्डा बघू.”

मी आ केला. ती बराच वेळ वाकून बघत राहिली.

“खड्डा मस्त भरतोय,” ती म्हणाली. मग टॉर्च किंचित मागं सरकला. “पण मामा, तुझी सतरा नंबर काय सुंदर आहे!”

मी तोंड मिटलं.