नापास होताच येत नाही

सांगलीला बँकेत मी अकरा वर्षं कॅशियर होते. तेव्हा 'ट्रान्सफर' शब्द नुसता कानावर आला तरी पोटात गोळा यायचा, कारण ती व्हायची तर जत नाहीतर आटपाडी. न्यू जर्सीत आल्यावर कळलं की इथे माणसं हौसेनं ट्रान्सफर होतात आणि वर फी भरतात.

नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको मी. नोकरीला बंदी, शिकायला मोकळीक. म्हणून एका कॉलेजात अकाउंटिंगसाठी अर्ज केला. पदरी बी.कॉम. असल्यामुळे मी ठरले 'ट्रान्सफर स्टुडंट', म्हणजे आधी शिकलेले विषय सोबत घेऊन नव्या कॉलेजात येणारी. कॉमर्सचे बरेचसे विषय त्यांनी मोजून घेतले. इंग्रजी आणि गणितापुढे मात्र 'प्लेसमेंट टेस्ट' असा शेरा आला, म्हणजे कुठल्या पातळीच्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी परीक्षा. रोज संध्याकाळी शेवटच्या रुपयापर्यंत कॅश जुळवल्याशिवाय जी बाई घरी गेली नाही, तिला बेरीज येते का, हे त्यांना बघायचं होतं.

शिकवणीला आठवीतला मुलगा बसला. "आई, पेमडास माहितीये ना?" मला वाटलं नवीन व्हिडिओ गेम. ते निघालं आपलं कंचेभागुबेव! भागाकारावरून मात्र भांडण झालं. आम्ही भागाकाराचं उत्तर उजवीकडे, कंसाबाहेर लिहिणारी माणसं; हा ते डोक्यावर मांडतो. "उत्तर तेच येतंय ना?" म्हटलं तर म्हणतो, "पण दिसतं चुकीचं." हुबेहूब आमचे जोशी गुरुजी. फक्त छडी नव्हती.

परीक्षेचं नाव अ‍ॅक्युप्लेसर. केंद्रावर ओळखपत्र दाखवलं, फोन आणि पर्स कपाटात ठेवली. पर्समध्ये नारळाची वडी होती, तीही गेली. कच्च्या कामाला कागद मिळाला, तोही जाताना परत द्यायचा होता. तिथला मुलगा माझ्या भाच्याच्या वयाचा. माझा चेहरा बघून म्हणाला, "काळजी करू नका, या परीक्षेत नापास होताच येत नाही. वेळेचंही बंधन नाही."

झालं, उरलासुरला धीरही गेला. नापास होता येत नाही, मग पास झाले हे कळणार कसं? आणि वेळेचं बंधन नाही म्हणजे 'शेवटची दहा मिनिटं' अशी आरोळी नाही, पुरवणी नाही, पुरवणीला बांधायचा दोरा नाही. या सगळ्याशिवाय माझा मेंदू चालूच होत नाही.

गणिताचे वीस प्रश्न. गंमत अशी की तुम्ही बरोबर उत्तर दिलं की कॉम्प्युटर पुढचा प्रश्न अवघड टाकतो, चुकलात की सोपा. ही पद्धत मला नवीन नव्हती. सासरी पोळ्या बऱ्या जमल्या तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात पुरणपोळ्यांची ऑर्डर आली होती, आणि माझ्या जावेनं पहिल्याच दिवशी भात करपवला, तर तिला आजतागायत कोशिंबिरीच्या पुढे कुणी नेलेलं नाही. त्यामुळे अवघड प्रश्न आला की मला बरं वाटायचं. सातव्या प्रश्नाला टक्केवारीचं अगदी बाळबोध उदाहरण आलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. म्हणजे सहावा चुकला! मागे जाऊन बघावं तर तीही सोय नाही, एकदा उत्तर दिलं की दिलं. नंतरचा अर्धा तास मी पडद्यावरच्या प्रश्नापेक्षा सहाव्याचंच गणित मनात सोडवत बसले.

मग निबंध. तीनशे ते सहाशे शब्द, आणि तपासणारही कॉम्प्युटरच. विषय होता: माणसानं एकच काम नीट शिकावं की अनेक कामं थोडीथोडी? माझा आनंद गगनात मावेना. हा तर आपला 'शाप की वरदान'! लगेच नाण्याच्या दोन बाजू काढल्या. एका बाजूला सचिन तेंडुलकर, दुसऱ्या बाजूला आमची कामवाली शांताबाई, जी धुणीभांडी करून भिशी चालवते आणि लग्नंही जुळवते. शेवटी दोन्ही बाजू आपापल्या जागी कशा योग्य आहेत हे सांगून एक सुभाषित टाकलं. पडद्यावरच्या सूचना मात्र मी लिहून झाल्यावर वाचल्या. कुठलीतरी एक बाजू घ्या आणि तिचं समर्थन करा, असं तिथं स्वच्छ लिहिलं होतं. बाजू घ्यायची? एकत्र कुटुंबात वाढलेल्या बाईला? घाईघाईनं शांताबाईची बाजू घेतली आणि सचिनला आदरपूर्वक बाजूला केलं. सुभाषित राहिलं ते राहिलंच.

निकाल लगेच हातात. गणितात २६१, निबंधाला ५. गुणांची पट्टी २०० पासून ३०० पर्यंत असते, असं त्या मुलानं समजावलं. म्हणजे काहीही न येणाऱ्यालाही २०० मिळतातच. आमच्या बोर्डानं एवढं केलं असतं तर माझ्या धाकट्या मामाचं लग्न वेळेवर झालं असतं.

रात्री आईला सांगलीला फोन लावला. तिकडे सकाळ, ती भाजी निवडत होती.

"किती पडले?"

"गणितात दोनशे एकसष्ट."

"कितीपैकी?"

"तीनशे."

आईनं मनातल्या मनात हिशोब केला. "सत्त्याऐंशी टक्के! अहो ऐकलंत का, डिस्टिंक्शन!" पलीकडे बाबांनी पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. पहिले २०० फुकट असतात हे सांगायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं.

"आणि निबंध?"

"पाच. आठापैकी."

जरा वेळ फोनवर नुसता मेथीच्या जुडीचा आवाज येत राहिला.

"आठापैकी?" आई म्हणाली. "मग वरचे दोन कुठं गेले?"