“अंधारात चमकत नाही, फसवणूक आहे” या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई, चमकणाऱ्या बॅक्टेरियांनी चित्रं काढायच्या आमच्या वर्कशॉपवरचा तुमचा रिव्ह्यू वाचला. दोन स्टारबद्दल तक्रार नाही, पण तुम्ही “फसवणूक” म्हणालात आणि इथे सॅन डिएगोतली बरीच मराठी मंडळी मुलांना आणण्याआधी हेच वाचतात, म्हणून लिहितोय.

तुमचं म्हणणं असं की मुलाने दोन तास काढलेलं चित्र दिसलंच नाही, नंतर आलेला फोटो एडिट केलेला वाटतो, घरी अंधार करूनसुद्धा बघता आलं नाही कारण प्लेट (ज्या चपट्या डबीत बॅक्टेरिया वाढवून चित्र काढतात ती) आम्ही दिलीच नाही. बरं.

चित्र काढताना ते दिसत नाहीच, हे बुकिंगच्या पानावर पहिल्या ओळीत आहे. लूपवर, म्हणजे टोकाला कडी असलेल्या काडीवर, बॅक्टेरियांचं जे द्रावण घेतो ते जवळपास पाण्यासारखं असतं. ते 37 डिग्रीला रात्रभर वाढलं की रेषा उमटतात, दह्याला विरजण लावल्यावर थांबतोच की आपण. शिवाय प्लेटमध्ये ॲराबिनोज नावाची साखर असते, ती मिळाली की बॅक्टेरियातला जीन चालू होतो, मग प्रोटीन बनतं, मग त्याला ऑक्सिजन लागतो, तेव्हा कुठे रंग. लाल तर हिरव्यापेक्षा सावकाश पिकतो.

आता चमकण्याचं. काजव्यासारखं स्वतःहून चमकणं वेगळं आणि फ्लुरोसन्स वेगळा! आपल्या प्लेटवर निळा प्रकाश टाकावा लागतो, तेव्हा ती हिरवा किंवा लाल परत देते, आणि नारिंगी फिल्टरमधून बघितलं की निळा अडतो आणि फक्त चित्र उरतं. म्हणून फोटोत मागचं सगळं काळं दिसतं, एडिटिंग नाही ते. नुसता अंधार केला तर काहीच दिसणार नाही, तुमच्या घरी नाही आणि आमच्या लॅबमध्येपण नाही.

हिरवं प्रोटीन मुळात जेलीफिशमधलं, शास्त्रज्ञ शिमोमुरांनी 1962 साली त्याची नोंद केली, चाल्फींनी 1994 ला ते बॅक्टेरियात चमकवून दाखवलं, आणि आपल्याच गावच्या युनिव्हर्सिटीतल्या रॉजर त्सिएन यांनी त्यातून आणि प्रवाळातल्या लाल प्रोटीनमधून रंगांची अख्खी पेटी तयार केली, तिघांना 2008 चं केमिस्ट्रीचं नोबेल. त्सिएनच्या लॅबमध्ये 2006 साली आठ रंगांच्या बॅक्टेरियांनी सॅन डिएगोचा बीच काढला होता, आमच्या भिंतीवर त्याचीच प्रिंट आहे, तुमचा मुलगा बराच वेळ तिच्यासमोर उभा होता.

प्लेट घरी देत नाही आणि देणारही नाही. बॅक्टेरिया ई. कोलायचा के-12 स्ट्रेन, म्हणजे प्रकार, आहे, लॅबमधला, माणसाला आजारी पाडणारा नाही, म्हणून तर मुलांना हातात देतो. पण त्यात अँपिसिलिन या अँटिबायोटिकला न जुमानणारा जीन घातलेला असतो आणि असल्या गोष्टी कोणाच्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी जाऊ नयेत एवढंच. फोटो काढून झाले की सगळ्या प्लेट्स ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने जंतू मारायच्या कुकरमध्ये, 121 डिग्रीला जातात. (“जंतू मुलांच्या हातात देतात” आणि “प्लेट घरी देत नाहीत” या दोन तक्रारी एकाच रिव्ह्यूत बघून जरा हसू आलं, राग मानू नका.)

निळा रंग फिका आला हे मात्र खरं, त्याला निळा नाही, अतिनील प्रकाश लागतो, शिवाय त्याचं प्रोटीनच मंद आहे आणि प्रकाशात पटकन विझतं, आकाश काढायचं असेल तर आम्ही आधीच सांगतो की हिरवं काढा.

रिफंड नाही देता येणार. मोठ्या साइजमधला फोटो आणि फिल्टरशिवाय काढलेला मूळ फोटो दोन्ही ईमेल केलेत, शेजारी ठेवून बघा. मुलाला पुन्हा यायचं असेल तर सकाळच्या बॅचला आणा, आदल्या दिवशीच्या प्लेट्स तेव्हाच निळ्या दिव्याखाली उघडतो.